भाव शेवटी विचारा

अमेरिकेत घर घ्यायला निघालेला माणूस आधी भाव विचारतो, मग पगाराशी त्याचा मेळ घालतो. धोक्याचा विचार तो सह्या करायच्या आठवड्यात करतो, कारण तेव्हा बँक विम्याचा कागद मागते. शहरात हा क्रम एक वेळ चालून जातो. शहर सोडून एखाद्या ग्रामीण काउंटीत बिऱ्हाड हलवायचं असेल, तर मात्र तो उलटा करायला हवा. आधी धोका, मग मिळकत आणि सर्वांत शेवटी भाव. आजचं चिंतन एवढ्याच एका गोष्टीचं.

मराठी घरांना हा विषय आता परका राहिलेला नाही. 2020च्या महासाथीत घरून काम करण्याची सोय झाली आणि कॅलिफोर्निया, न्यू जर्सीतल्या आपल्या मुलांच्या बोलण्यात नवीच भाषा आली. 'जरा आतल्या भागात गेलं, तर याच पैशांत केवढं मोठं घर येतं!' मग पुण्या-नाशिकच्या आईवडिलांच्या फोनवर फोटो येतात. एकरभर आवार, मागे डोंगर, अंगणात हरणं. फोटो खरेच असतात आणि भावही खरा असतो. पण काउंटी कशी आहे ते फोटोत दिसत नाही.

काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखा कारभाराचा भाग. अमेरिकेत अशा 3,100हून अधिक काउंट्या आहेत आणि त्यांच्यात कसलाही सारखेपणा नाही. 2020च्या जनगणनेत लॉस एंजेलिस काउंटीत एक कोटीवर माणसं मोजली गेली, तर टेक्सासमधल्या लव्हिंग काउंटीत अवघी 64. शेरीफ, मालमत्ता कर, अनेक ठिकाणचे रस्ते हे सगळं काउंटीच्या हाती, आणि काउंटीची कुवत तिथल्या करदात्यांच्या हाती. माणसं विरळ, म्हणून जमीन स्वस्त. आणि माणसं विरळ, म्हणूनच रस्त्यावरचा बर्फ उशिरा हटतो. दोन्हींचं कारण एकच आहे, त्यातलं आपल्याला हवं तेवढं वेचून घेता येत नाही.

आता धोका. अमेरिकेला हा धडा फार जुना आहे. 1862च्या होमस्टेड कायद्यानं 160 एकर सरकारी जमीन नाममात्र शुल्कात देऊ केली. अट एवढीच, की पाच वर्षं तिथं राहायचं आणि जमीन कसायची. पूर्वेकडच्या ओल्या मुलखात 160 एकरांवर कुटुंब सुखानं जगत होतं, म्हणून पश्चिमेलाही तोच आकडा धरला गेला. कोलोरॅडो नदीतून ग्रँड कॅन्यन पार करणाऱ्या जॉन वेस्ली पॉवेल यांनी 1878 मध्ये सरकारला अहवाल दिला. साधारण शंभराव्या रेखावृत्तापलीकडे वर्षाचा पाऊस 20 इंचांच्या आत येतो, तिथं गुरं राखून जगायचं तर एका कुटुंबाला 2,560 एकर लागतील, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं. म्हणजे कायद्यातल्या आकड्याच्या सोळापट. नांगर गेला की पाऊस त्याच्यामागून येतो, असं सांगणारे लोक त्या काळी होते आणि ऐकणाऱ्यांना तेच गोड वाटलं. पुढे 1930च्या दशकात दुष्काळ पडला, नांगरलेली माती वाऱ्यानं उडाली आणि मध्य मैदानांतून लाखो माणसं बाहेर पडली. त्यांच्यातल्या कित्येकांच्या आधीच्या पिढीला जमीन जवळजवळ फुकट मिळाली होती. पाऊस मात्र कुणाच्या सातबाऱ्यावर चढलेला नव्हता.

आजचं उदाहरण कॅलिफोर्नियाच्या ब्यूट काउंटीतलं. सिएरा नेवाडाच्या पायथ्याशी, दोन दऱ्यांमधल्या डोंगरसोंडेवर पॅराडाइज नावाचं गाव होतं. वस्ती सुमारे 26 हजार, त्यात निवृत्तांची संख्या मोठी. किनाऱ्यावरची घरं परवडत नाहीत, मग पाइनच्या झाडांत तरी राहू, असा साधा, समंजस हिशेब करून आलेली ही माणसं. 8 नोव्हेंबर 2018च्या सकाळी वीजवाहिनीतून वणवा पेटला आणि काही तासांत गाव जळून गेलं. 85 माणसं मेली, 18 हजारांहून अधिक बांधकामं नष्ट झाली. सोंडेवरून खाली उतरायला रस्ते मोजकेच, ते गाड्यांनी तुंबले. याच रस्त्यांवर 2008च्या वणव्यातही गाड्या अडकल्या होत्या. म्हणजे धोका नवा नव्हता, फक्त घराच्या जाहिरातीत तो लिहिलेला नव्हता.

धोका खरा कुठे लिहिलेला असतो, तर विम्याच्या कागदावर. मे 2023 मध्ये स्टेट फार्म या मोठ्या विमा कंपनीनं कॅलिफोर्नियात नवे घरविमे देणं थांबवलं. नेहमीच्या कंपन्यांनी नाकारलेल्यांना 'फेअर प्लॅन' नावाच्या शेवटच्या आसऱ्याकडे जावं लागतं. तिथं विमा महाग आणि संरक्षण तोकडं. बरं, सगळेच धोके विम्यात बसतात असंही नाही. सप्टेंबर 2024 मध्ये हेलीन वादळाचा पाऊस नॉर्थ कॅरोलायनाच्या पश्चिम डोंगराळ काउंट्यांवर कोसळला. वादळ किनाऱ्याला लागलं ते शेकडो मैल दूर, फ्लोरिडात. पण डोंगरातल्या नद्या फुगून गावं वाहून गेली. अमेरिकेतल्या साध्या घरविम्यात पूर धरलेला नसतो. त्याची पॉलिसी वेगळी काढावी लागते आणि ती बहुधा 30 दिवसांनी लागू होते. सरकारी नकाशातल्या पूरपट्ट्यात घर असेल, तर बँक ही पॉलिसी सक्तीनं घ्यायला लावते. पट्ट्याबाहेरच्या माणसाला कुणी विचारत नाही, आणि कुणी विचारलं नाही म्हणजे धोका नाही, असा अर्थ तो काढतो.

आगीपुराचा धोका वर्षानुवर्षं येणारही नाही. रोजचा धोका आहे तो अंतराचा. अमेरिकेतली बहुतेक अग्निशमन दलं स्वयंसेवकांची आहेत. घर अग्निशमन केंद्रापासून पाच मैलांपलीकडे असेल, तर विम्याच्या प्रतवारीत ते बहुधा शेवटच्या पायरीवर जातं. ग्रामीण भागात तगून राहावीत म्हणून 1997च्या कायद्यानं छोट्या रुग्णालयांना खास दर्जा दिला. तरी निम्म्याहून अधिक ग्रामीण काउंट्यांत बाळंतपणाची सोय असलेलं रुग्णालय नाही. पाणी स्वतःच्या विहिरीचं, म्हणजे बोअरचं. ते तपासायची जबाबदारी मालकाची आणि वीज गेली की पंपही बंद. मुंबईत नळाचं पाणी गेलं तर आपण महापालिकेच्या नावानं ओरडतो. इथं ओरडायचं कुणाच्या नावानं? आपणच आपली महापालिका.

एवढं पाहून मन तयार असेल, तर मिळकतीकडे यावं. इथं माझं सांगणं एका वाक्यात मावतं. ग्रामीण भागात घर हातातल्या नोकरीच्या जोरावर घेऊ नये. ती गेली तर मिळेल त्या दुसऱ्या नोकरीच्या जोरावर घ्यावं.

शहराचं महाग भाडं म्हणजे एका अर्थी विम्याचाच हप्ता असतो. एक दार बंद झालं की दुसरं ठोठावायची सोय आपण त्या भाड्यात विकत घेतो. लहान काउंटीत शाळा, रुग्णालय, तुरुंग किंवा एखादा मांस कारखाना, एवढेच काय ते मोठे मालक. घरून काम करणाऱ्याला वाटतं, आपल्याला स्थानिक नोकरीशी काय करायचं? पण घरून काम ही मालकाची सवलत आहे, नोकरदाराचा हक्क नव्हे. अॅमेझॉननं जानेवारी 2025पासून कार्यालयीन कर्मचाऱ्यांना आठवड्याचे पाचही दिवस कचेरीत बोलावलं. काही कंपन्या राहण्याचं ठिकाण बदललं की पगारही त्या भागाच्या पट्टीत आणतात. म्हणजे शहराचा पगार आणि गावाचा खर्च ही जोडी कायमची गृहीत धरता येत नाही.

एच-वन-बी व्हिसावर असलेल्या आपल्या माणसांना तर आणखी एक पेच आहे. त्यांचा व्हिसा कामाच्या ठिकाणाशी बांधलेला असतो आणि घरून काम करायचं तर घर हेच ते ठिकाण. एका महानगर क्षेत्रातून दूरच्या काउंटीत कायमचं जायचं, तर 2015च्या सिमिओ निकालानंतर मालकाला सुधारित अर्ज भरावा लागतो. ते झालं तरी नोकरी गेली की हातात फार तर 60 दिवस. तेवढ्यात नवा मालक शोधायचा आणि जिथं गिऱ्हाईक क्वचित फिरकतं, तिथं घरही विकायचं. ग्रीन कार्ड हाती नसताना दूरच्या काउंटीत घर घेणं ही माझ्या मते हौस आहे, आणि हौसेचे पैसे बुडाले तरी चालतील इतकेच असावेत.

उलट काही जणांची मिळकत ग्रामीण भागातच भक्कम असते. जे-वन व्हिसावर शिकायला आलेल्या परदेशी डॉक्टरांना दोन वर्षं मायदेशी परतण्याची अट असते. 1994पासूनच्या कॉनरॅड योजनेत डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षं काम केलं की ती अट सुटते. प्रत्येक राज्याला वर्षाला अशा 30 जागा. या वाटेनं अनेक भारतीय डॉक्टर लहान गावांत गेले. त्यांना तिथं मान आहे, कामही तुटत नाही, कारण काउंटीला त्यांची गरज आहे. वेस्ट व्हर्जिनियाचा 2021 साली सुरू झालेला उपक्रमही बोलका आहे. घरून काम करणाऱ्यांनी यावं म्हणून निवड झालेल्यांना दोन वर्षांत 12 हजार डॉलर दिले जातात, पण नोकरी ज्यानं त्यानं बरोबर आणायची. उपक्रम रोख देतो, निसर्ग दाखवतो, पण पगाराचं तेवढं तुमचं तुम्ही पाहा म्हणतो. यातच सगळं आलं.

आता भाव. हा हिशेब दिसतो तितका सरळ नाही. समजा, शहरातल्या घरावर 5 लाख डॉलरचं कर्ज आहे, 2021 मध्ये मिळालेलं, 3 टक्क्यांचं, 30 वर्षांचं. हप्ता महिना सुमारे 2,108 डॉलर. गावातलं घर इतकं स्वस्त, की 2 लाखांच्या कर्जात भागतं. पण 2023 मध्ये व्याज 7 टक्क्यांच्या वर गेलं. 7 टक्के धरले तरी हप्ता येतो सुमारे 1,331 डॉलर. कर्ज 60 टक्के कमी झालं, हप्ता मात्र फक्त 37 टक्के. महिन्याला वाचले 777 डॉलर. शहरात एका गाडीवर संसार चालत असेल, तर गावात नवराबायकोला दोन लागतात. नवी गाडी बाळगण्याचा खर्च घसाऱ्यासकट वर्षाला 12 हजार डॉलरच्या वर जात होता, असं तिथल्या ऑटोमोबाइल असोसिएशनचे 2023 आणि 2024चे अहवाल सांगतात. महिन्याला हजार. वाचलेले 777 इथंच संपले, विहीर, सेप्टिक टाकी आणि विमा अजून बाकीच आहेत. जुनी गाडी घेऊन किंवा रोखीनं घर घेऊन हे गणित बदलता येतं. पण मुद्दा हा, की ते मांडल्याशिवाय घर स्वस्त म्हणू नये.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, असं आपल्याला लहानपणापासून सांगितलं जातं. अंथरूण कुठल्या जमिनीवर घातलं आहे, तेही पाहावं.

हे वाचून कुणी जाऊच नये, असं मला म्हणायचं नाही. शहरही काही जोखमीविना नाही. तिथं भाडं वाढतं, कर्ज अंगावर येतं, आणि दिवसाचे दोन तास रस्त्यात घालवण्याची किंमत कुठल्याच वहीत चढत नाही. मातीत हात घालायची, मुलांना आकाश दाखवायची इच्छा खरी आहे, ती पैशांत मोजू नये. मोजायचं ते बाकीचं. त्यासाठी घर आवडलं तरी बयाणा देण्याआधी विमा एजंटाला फोन करा आणि त्या पत्त्यावर आग, पूर, वारा यांचा विमा मिळतो का, केवढ्याला मिळतो, ते लेखी घ्या. आपल्या कामाच्या दुसऱ्या जागा तासाभराच्या अंतरात किती आहेत, ते शोधा. रुग्णालयापर्यंत एकदा रात्री गाडी चालवून पाहा. वर्षभराचा खर्च बाजूला ठेवा. आणि विकत घेण्याआधी एक पूर्ण हिवाळा तिथं भाड्यानं राहा. एवढं करून ज्याला जावंसं वाटेल त्यानं खुशाल जावं, आणि घराचा भाव करायला तेव्हाच बसावं.