वाटेवरचा पाषाण

(१ शमुवेल ७ : १२)

शमुवेलाने मिस्पा व शेन ह्यांच्या मध्ये एक पाषाण उभा केला व त्यास एबन-एजर, म्हणजे साहाय्याचा पाषाण, असे नाव दिले. तो पाषाण मुक्कामी नव्हे, वाटेत उभा राहिला, हे ध्यानात घ्यावे. पलिष्टी त्या दिवशी हटले खरे. परंतु पुढे शौल व दावीद ह्यांच्या काळीही त्यांच्याशी लढावे लागलेच. तरी जेथवर आलो तेथवरची खूण करणे शमुवेलास अगत्याचे वाटले.

भिवंडी तालुक्यातील राहनाळ येथे गोदामेच गोदामे आहेत. गोदामात माल येवो की जावो, त्याची नोंद वहीत होते. परंतु दिवसभर ती खोकी वाहून रात्री घरी अक्षरे गिरविणारा मनुष्य आपल्या विद्येची कोणती वही ठेवितो? त्याला मास्तर नाही, परीक्षा नाही. महिन्याभराने त्यास वाटते, मला काहीच येत नाही. आणि पुस्तक फळीवर जाते. पुष्कळांचे शिकणे बुद्धी थोडी म्हणून थांबत नाही. आपण किती चाललो हे दिसत नाही, म्हणून थांबते.

ह्यास्तव एक साधी वही करावी. तारीख घालून आज कोणता शब्द नवा वाचला व कोठे अडलो, एवढेच लिहावे. रविवारी मागील पाने उघडावी. पंधरा दिवसांपूर्वी ज्या जोडाक्षरापाशी अडलो ते आज सहज वाचता येते, ह्याची साक्ष आपलेच हस्ताक्षर देते. अमेरिकेतील बेंजामिन फ्रँकलिन ह्यांची शाळा दहाव्या वर्षी सुटली. त्यांनी पुढे १३ सद्गुणांची एक लहान वही केली व चूक होताच तीत काळा ठिपका दिला. ठिपके वाटले होते त्याहून पुष्कळ निघाले. परंतु ते कमी होताना पाहून समाधान झाले, असे ते आत्मचरित्रात सांगतात. आपल्या लक्ष्मीबाई टिळक शाळेत गेल्या नव्हत्या. त्या लिहिणेवाचणे लग्नानंतर शिकल्या. १९३४ पासून निघालेल्या 'स्मृतिचित्रे' ग्रंथात त्यांनी ती धडपड फजितीसकट मांडिली आहे.

मात्र दाविदानेही मोजणी केली होती, हे विसरू नये. यवाबास त्या कामी नऊ महिने वीस दिवस लागले, आणि लोकांची गणती होताच राजाचे मन त्यास टोचू लागले. शेजाऱ्याहून मी किती पाने पुढे, हे पाहण्यासाठी जो वही उघडितो तो दाविदाचीच मोजणी करितो. पाळकास दाखविण्यापुरत्या भरलेल्या वह्याही आमच्या पाहण्यात येतात. त्यांत अडलेला शब्द म्हणून सापडत नाही!

तेव्हा येत्या रविवारी उपासनेस येताना वही घरीच ठेवावी. बरोबर आणावयाचा तो अडलेला एक शब्द. तो आपण सर्व मिळून वाचू.