तंबूच्या दारातलं रडगाणं

रविवारची उपासना संपली, आशीर्वाद झाला आणि चहाचा पहिला घोट घशाखाली उतरायच्या आत तुमचं सुरू झालं. रस्त्यावर धूळ. गाडी उशिरा. नळाला पाणी नाही. पाळकांचा उपदेश लांबला. आपल्याकडच्या महामार्गाचं काम 2011 साली निघालं तेव्हा तुमच्यातली निम्मी पोरं पाटी घेऊन बसत होती, आता ती मिशा पिळतात आणि रस्ता तिथंच, हेही झालं. चहाचं दुसरं आधण चढलं तरी "मग आपण काय करू या" हे एकाच्या तोंडून निघेना. वर एक शहाणा मला म्हणतो, "बाई, मन मोकळं करतोय." मन मोकळं करायला तासाभरापूर्वी वेळ दिला होता की! प्रार्थनेच्या विनंत्या विचारल्या तेव्हा सगळ्यांची दातखीळ बसली होती. देवासमोर मुके आणि बशीसमोर वक्ते.

गणनाचा 11 वा अध्याय काढा. नुसता काढू नका, वाचा. रानात रोज मान्ना पडतोय, कुणी उपाशी नाही, आणि गुलामीतून सुटून आलेले हे लोक मिसरातली मासळी, काकड्या, खरबुजं, कांदे, लसूण आठवून रडतायत. कांदे! अलिबागच्या पांढऱ्या कांद्याची माळ दारात टांगणाऱ्यांना ती हळहळ कळेलही. पण त्या कांद्यांबरोबर पाठीवर चाबूक होता, विटा थापून हात सोलत होते, तान्ही मुलं नदीत टाकली जात होती. ते सगळं विसरले, फोडणी तेवढी लक्षात राहिली. पाप इथं आहे. तोंडाला चव हवी वाटली म्हणून कुणी पापी होत नाही. "देवानं आम्हाला फसवलं, गुलामीच बरी होती" असा निकाल त्याच्या पाठीमागे दिला, तो गुन्हा. आणि दिला कुठं? आपापल्या तंबूच्या दारात बसून, शेजाऱ्याला ऐकू जाईल अशा बेतानं.

आता त्याच अध्यायात मोशे काय करतो ते बघा. तोही वैतागलाय. त्याची भाषा तर लोकांपेक्षा कडक: ही माणसं मी का जन्माला घातली, हा भार मला पेलत नाही, त्यापेक्षा मला मारून टाक. पण बोलतो कुणाशी? थेट देवाशी. देव त्याच्यावर चिडत नाही, मदतीला सत्तर वडीलजन देतो. लोकांनाही हवं ते मांस मिळालं, लावे पक्षी ढिगानं पडले. पण घास दातांत असतानाच मरीनं गाठलं. तक्रार दोन्हीकडे होती. एकानं ती देवाच्या दारी नेली, बाकीच्यांनी गावभर.

दुसरी गोष्ट, आणि इथं माझा आवाज चढणार आहे. परवा वीटभट्टीवर जाणाऱ्या कातकरी कुटुंबांचा विषय निघाला, तेव्हा तुमच्यातलाच एकजण म्हणाला, "ते दारू पितात, देव त्यांना शिस्त लावतोय." तुला कुणी नेमलं रे देवाचा कारकून? दिवाळी झाली की उचल घेऊन ती माणसं भट्टीवर जातात, पावसाळ्याच्या तोंडावर परततात, पोरांची शाळा बुडते. मिसरात विटा थापणाऱ्यांचा आक्रोश देवानं ऐकला, त्याला कुरकुर म्हटलं नाही. ईयोबाच्या मित्रांनी तुझ्यासारखीच अक्कल पाजळली होती. शेवटी देवाचा राग भडकला तो त्या मित्रांवर, राखेत बसून भांडणाऱ्या ईयोबावर नव्हे.

शिस्त म्हणजे काय ते मोशेची बहीण मिर्याम हिच्याकडे बघून शिका, पुढच्याच अध्यायात आहे. मोशेविरुद्ध कुजबुजली, अंगावर कोड उठलं, सात दिवस छावणीबाहेर बसली. पण ज्याच्याविरुद्ध बोलली त्यानंच तिच्यासाठी गयावया केली, आणि ती परत येईपर्यंत सगळ्या लोकांनी मुक्काम हलवला नाही. इब्री 12 मध्ये बाप लेकरांना शिक्षा करतो म्हटलंय, ते असं. मुदत ठरलेली, परतीची वाट उघडी. तुम्ही मात्र एखाद्यावर संकट आलं की पाप शोधता आणि पुढे चालू लागता.

आणि "आमच्याइतकं कुणी सोसलंय" हे पालुपद तर बंदच करा. पंडिता रमाबाईंचे आईवडील दुष्काळात गेले, भाऊ गेला, लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती तोच 1882 मध्ये नवरा गेला. कडेवर तान्ही मनोरमा. त्याच वर्षी पुण्यात शिक्षणावरच्या हंटर आयोगापुढे उभं राहून त्यांनी सांगितलं की बायकांना शिक्षिका हव्यात, डॉक्टर बायका हव्यात. तेव्हा त्या ख्रिस्ती झालेल्याही नव्हत्या, तुम्ही जन्माचे ख्रिस्ती! पुढे 1921 मध्ये ती एकुलती एक मनोरमाही गेली. हातात बायबलच्या मराठी भाषांतराचं काम होतं. बाईंनी ते टाकलं नाही. रमाबाई गप्प बसणाऱ्यांतल्या होत्या असं कुणी मला सांगू नये. आयुष्यभर त्यांनी तक्रारी केल्या, पण नाव घालून, कारण देऊन, ऐकणाऱ्याच्या तोंडावर.

येत्या रविवारी चहा मिळेल, पण नंतर. आधी प्रत्येकानं आपलं दुखणं मोठ्यानं देवाला सांगायचं, राग असेल तर रागासकट. मग भट्टीवर जाणाऱ्या पोरांसाठी हंगामी वसतिगृह हवं, असा गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या नावे अर्ज. "देव शिस्त लावतोय" म्हणणाऱ्यानं मसुदा लिहून आणायचा, एका पानात. कातकरी वाडीत जाऊन मुलांची नावं आणि वयं विचारून यायची, अंदाजपंचे चालणार नाही. शुद्धलेखन मी तपासणार आहे.