जाळे आणि ओटी

साती आसरा म्हणजे पाण्यात राहणाऱ्या सात बहिणी. नदीचा डोह, विहीर, बारव, पाणवठा ही त्यांची घरे. त्यांना बहुधा मूर्ती नसते. पाण्याच्या काठी ओळीने मांडलेले सात दगड, त्यांना फासलेला शेंदूर आणि जवळपास त्यांचा भाऊ मानलेला म्हसोबा, एवढ्यावरून त्यांचे ठाणे ओळखू येते. ‘आसरा’ हा शब्द ‘अप्सरा’ या संस्कृत शब्दावरून आला. ‘अप्’ म्हणजे पाणी, आणि अप्सरा म्हणजे पाण्यात वावरणारी. महाकाव्यांनी आणि पुराणांनी अप्सरेला इंद्राच्या दरबारात नेऊन बसवले. गावाने मात्र तिला तिच्या मूळ जागी, पाण्यातच राहू दिले.

पुणे जिल्ह्यातल्या भोर आणि वेल्हे (आता राजगड) या तालुक्यांत पाण्याला किती महत्त्व आहे, हे तिथल्या जुन्या मुलखांच्या नावांवरूनच कळते. कानंद खोरे, वेळवंड खोरे, गुंजण मावळ ही नावे त्या त्या नदीवरून पडलेली आहेत. माणसाने आपला मुलूख नदीच्या नावाने ओळखला, नदी स्वतःच्या नावाने नाही. मावळात या जलदेवतांना ‘मावलाया’ असेही म्हणतात, म्हणजे लहानग्या आया. इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी पुणे परिसरातल्या मातृदेवतांच्या जागा पायी फिरून पाहिल्या. कार्ल्याच्या सातवाहनकालीन शिलालेखातला ‘मामाल’ हा प्रदेश म्हणजेच मावळ, आणि हे नाव या मातांच्या उपासनेशी जोडलेले असावे, असे मत त्यांनी मांडले. ते मान्य केले तर देवतेचे नाव मुलखाला आणि मुलखाचे नाव मावळ्यांना मिळाले, असा क्रम लागतो.

आसरांचे रूप दुहेरी आहे. त्या लेकुरवाळीला सांभाळतात आणि माणसाला डोहातही त्याच ओढतात, अशी समजूत आहे. भर दुपारी किंवा तिन्हीसांजेला एकट्याने डोहावर जाऊ नये, बाळंतिणीने पाणवठा टाळावा, पाण्यात घाण करू नये, हे दंडक त्या समजुतीतून आले. जर्मन विचारवंत रुडॉल्फ ओट्टो यांनी १९१७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात पवित्रतेच्या अनुभवाची दोन अंगे सांगितली: थरकाप आणि ओढ. डोहाकाठी ही दोन्ही अंगे शब्दशः खरी ठरतात. पाण्यावाचून जगता येत नाही आणि पाण्यात जीव जातो. म्हणून आसरांची भीती आणि त्यांची माया वेगळी काढता येत नाही.

इथे धर्मविचारातला एक जुना प्रश्न उभा राहतो. जे माणसाच्या सत्तेबाहेरचे आहे ते पकडता येते का, आणि पकडले तर ते पकडणाऱ्याचे होते का?

महाभारताच्या आदिपर्वात या प्रश्नाचे एक उत्तर आहे. अद्रिका नावाची अप्सरा शापाने मासोळी होऊन यमुनेत राहते. कोळ्यांच्या जाळ्यात ती सापडते. तिचे पोट चिरल्यावर एक मुलगा आणि एक मुलगी निघतात. मुलगा पुढे मत्स्य नावाचा राजा होतो आणि मुलगी मत्स्यगंधा, म्हणजेच व्यासांची माता सत्यवती. अद्रिका मात्र त्याच क्षणी शापातून सुटून निघून जाते. जाळ्यात देह आला, अप्सरा आली नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या पुरूरवा-उर्वशी संवादाचा आणि शतपथ ब्राह्मणातल्या त्याच कथेचा रोखही हाच आहे. उर्वशी अटी घालून राजाजवळ राहते. अट मोडताच ती अदृश्य होते, आणि पुढे तो तिला शोधत कमळांच्या तळ्याशी पोहोचतो तेव्हा ती पाणपाखराच्या रूपात सख्यांसह पोहत असते. इथे सहवास घडतो, मालकी घडत नाही.

आधुनिक काळात हाच प्रश्न भयपटांनी हाती घेतला. ‘शी क्रीचर’ हा २००१ सालचा अमेरिकन टीव्हीपट १९०५ सालात घडतो. जत्रेत खोटी जलपरी दाखवून पोट भरणाऱ्या जोडप्याच्या हाती खरी जलपरी लागते आणि ते तिला टाकीत कोंडून जहाजाने अमेरिकेला नेऊ लागतात. समुद्राच्या मधोमध पकडणारेच शिकार होतात. मराठी मुलखातला याचा जवळचा नातलग म्हणजे राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ हा २०१८ सालचा हिंदी चित्रपट. त्याचे काही चित्रीकरण पुणे जिल्ह्यातल्याच सासवडच्या वाड्यात झाले. कथा १९१८ ते १९४७ या काळातली आहे. त्यातला हस्तर हा कल्पित देव आपल्या आईच्या, म्हणजे देवीच्या, गर्भात कैद आहे. भुकेलेल्या हस्तरापुढे कणकेची बाहुली टाकायची, तो तिच्यावर तुटून पडला की त्याच्या लंगोटातल्या मोहरा ओढून घ्यायच्या, हा चित्रपटाचा नायक विनायक याचा धंदा.

कणकेच्या त्या बाहुलीत सगळा प्रश्न सामावलेला आहे. दिसायला तो नैवेद्य आहे, पण काम आमिषाचे करतो. आसरांनाही अन्न दिले जाते: दहीभात, नारळ, सोबत हिरव्या बांगड्या, हळदकुंकू, खण. ओटी भरणारी बाईही मागणे घेऊनच येते. कुणाला मूल हवे असते, कुणाला आजारातून उठायचे असते. मग फरक कुठे राहतो? आमिष समोरच्याला फसवून जवळ आणते आणि त्याचे स्वातंत्र्य काढून घेते. ओटी उघडपणे, काठावर उभे राहून भरली जाते आणि भरून झाल्यावर बाई मागे फिरते. देवतेने नकार दिला तरी तिच्यावर जबरदस्ती करण्याचे साधन त्या विधीत नाही. जाळे टाकणारा पाण्यातले बाहेर ओढतो. ओटी भरणारी बाहेरचे पाण्याला देते आणि पाण्याचे पाण्यात राहू देते.

मात्र भीतीवर उभ्या असलेल्या या श्रद्धेला मर्यादा घालणे आवश्यक आहे. बाळंतिणीचा ताप हा आजार आहे. ‘आसरा लागल्या’ म्हणून दवाखाना टाळला तर जीव जातो, आणि बाधा उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. वेल्हे तालुक्यातले पानशेत धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटले ते देवतेच्या कोपाने नव्हे, तर अपुऱ्या राहिलेल्या कामामुळे. श्रद्धेला घटनेचे कारण बनवले की ती माणसाची जबाबदारी झाकते. आचरणाची मर्यादा म्हणून ती पाळली तर तीच जबाबदारी शिकवते. डोहात उतरताना जपून उतरावे, पाणवठा स्वच्छ ठेवावा, पाणी सर्वांचे मानावे, हे दंडक आसरांवर विश्वास नसलेल्यालाही पटण्यासारखे आहेत.

पाणी अडवणे म्हणजे आसरांना कैद करणे का, हा प्रश्न भोर-वेल्ह्यात आपसूक येतो. वेळवंडी नदीवरचे भाटघर धरण १९२८ साली पूर्ण झाले. त्यानंतर नीरेवर देवघर आणि गुंजवणीवरही धरणे झाली. या पाण्यावर खालच्या अंगाची बारामती-फलटणकडची शेती उभी आहे, आणि ते पीक हेही पाण्याचेच देणे आहे. म्हणून अडवणे हाच दोष ठरत नाही. दोष ठरतो तो पाण्याला केवळ आपला माल समजण्यात, आणि ज्यांची गावे व पाणवठे त्या पाण्याखाली गेले त्यांचे देणे विसरण्यात. जलाशय ही टाकी झाली की माणूस जलपरी कोंडणाऱ्यांच्या वाटेला लागतो. तो डोहच राहिला, म्हणजे त्याच्याकडून घेताना काही परत द्यावे लागते एवढे भान टिकले, तर धरणाच्या काठीही सात दगड मांडता येतात. आसरांना मूर्तीची गरज नसते. त्यांना लागते पाणी, आणि त्या पाण्याचा मालक न होणारा माणूस.