यादी लागण्यापूर्वी

खंडेनवमीला कारागीर आपल्या हत्यारांची पूजा करतो आणि लक्ष्मीपूजनाला व्यापारी आपल्या चोपड्यांची. दोन्ही पूजांत अंतर जेमतेम तीन आठवड्यांचे. झेंडूची फुले तीच, हळदकुंकूही तेच. पान्ह्याची पूजा श्रेष्ठ की वहीची, असा वाद आपल्या वाडवडिलांनी घातल्याचे ऐकिवात नाही. आमच्या सांगलीच्या घरात मात्र तो यंदा उन्हाळाभर चालला होता.

निमित्त भाचीच्या प्रवेशाचे. बारावी झाली, अभियांत्रिकीची प्रवेशपरीक्षा झाली. २०२४ पासून बी.बी.ए.सारख्या अभ्यासक्रमांसाठीही राज्याची प्रवेशपरीक्षा सुरू झाली आहे. तीही तिने दिली. दोन्हीकडे गुण चांगले पडले आणि याद्या लागण्याची वाट पाहणे तेवढे उरले. दाजींचे शेतीपंप दुरुस्तीचे दुकान आहे. मुलीने इंजिनियर व्हावे हे ताईचे जुने स्वप्न. दाजी काही बोलत नसत; पण उधारीच्या वहीकडे ते हल्ली फार वेळ पाहत बसतात, हे माझ्या लक्षात आले होते.

अशा दिवसांत घरी येणारा प्रत्येक पाहुणा दोन प्रश्न विचारतो. पहिला, "तुझा कल कुठे आहे?" आता सतराव्या वर्षीचा कल म्हणजे बहुधा ज्या शिक्षकांनी चांगले शिकवले त्यांचा विषय! दुसरा प्रश्न, "पगार कुठे जास्त?" त्याचे आजचे उत्तर चार वर्षांनी खरे राहील याची हमी कोणी देत नाही. मग एखादा शहाणा तोड काढतो, "आधी बी.ई. कर, मग एम.बी.ए. कर." हा मार्ग वाईट नाही, पुष्कळांना तो मानवतो. पण यंत्राची ओढच नसलेल्याने तो धरला, तर निवड चार वर्षे पुढे ढकलली जाते, एवढेच.

मला वाटते, विचारावयाचा प्रश्न निराळा आहे. जन्मभर कोणाला जबाब द्यायला तुला आवडेल? वस्तूला की माणसाला?

इंजिनियरला जबाब द्यावा लागतो तो आधी वस्तूला. पंपाला थाप मारता येत नाही. फूटव्हॉल्व्ह गळत असेल तर पंप पाणी धरणार नाही, मग शिफारस कोणाचीही असो. व्यापाऱ्याचा जबाब माणसाला असतो आणि माणूस काही काळ तरी फसतो. म्हणून मला व्यापाऱ्याचा धर्म अधिक अवघड वाटतो. इंजिनियरच्या खोटेपणाला निसर्ग आडवा येतो. व्यापाऱ्याच्या खोटेपणाला पुष्कळदा त्याच्या स्वतःच्या मनाखेरीज कोणीच आडवे येत नाही. 'धंदा काय, कोणीही करील' असे म्हणणाऱ्या आपल्या मध्यमवर्गाने याचा थोडा विचार करावा.

अर्थात दोन्ही जबाब एकाच माणसाला द्यावे लागतात, असेही घडते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली आजच्या आमच्या जिल्ह्यात किर्लोस्करवाडी वसवली. त्याआधी बेळगावात त्यांनी लोखंडी नांगर तयार केला, तो मातीच्या परीक्षेला उतरला. पण लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, आणि पहिली गिऱ्हाइके मिळायला दोन वर्षे गेली. मातीने होकार दिला होता, माणसाने दिला नव्हता. उलट, आमच्या सांगलीचे १९४७ साली निघालेले अभियांत्रिकी महाविद्यालय नाव लावते ते वालचंद हिराचंदांचे. ते काही इंजिनियर नव्हते. तरी आगबोटी आणि कारखाने उभे करणाऱ्या या व्यापाऱ्याच्या नावाखालून इंजिनियर होऊ पाहणारी मुले रोज आत जातात. वही आणि पाना यांचे वैर नाही. प्रश्न एवढाच, की आपला हात आधी कशाकडे जातो?

याचे उत्तर यादी लागण्यापूर्वीच द्यावे, असा माझा आग्रह होता. यादी लागली की आपले मन वकील होते. जे पदरात पडले तेच कसे योग्य होते, हे ते पुराव्यानिशी सिद्ध करून देते. आणि जे हुकले ते आपल्याला नकोच होते, हेही. वाट पाहण्याचे दिवस सगळ्यांना जाचक वाटतात. पण निवड पूर्णपणे आपली असते ती त्याच दिवसांत.

मी भाचीला म्हटले, "उत्तर कागदावर लिही. कोणाला दाखवू नकोस." तिने ते दोन दिवसांनी आपणहून माझ्या हातात दिले. लिहिले होते : 'पंप का बंद पडला, हे बाबांना कळतं. ज्याचा ऊस वाळतोय त्या माणसाला पैसे नसताना पंप कसा द्यायचा, आणि तरी दुकान कसं चालवायचं, हे कोणालाच कळत नाही. मला ते शिकायचंय.'

पुढे अभियांत्रिकीच्या यादीत तिचे नाव चांगल्या ठिकाणी लागले. ताईने पेढे आणले. भाचीने ती जागा घेतली नाही. ताई दोन दिवस कोणाशी बोलली नाही, आणि तिचे दुःख खोटे होते असे मी म्हणणार नाही. भाची आता व्यवस्थापन शिकते आहे. तिचा निर्णय बरोबर की चूक, हे दहा वर्षांनी कळेल. पण तो तिचा आहे. आणि चुकलाच, तर यादीला दोष देण्याची सोय तिने स्वतःला ठेवलेली नाही.