पगारी रजेतलं श्रमदान

2016 च्या उन्हाळ्यात पानी फाउंडेशनच्या पहिल्या वॉटर कप या जलसंधारणाच्या स्पर्धेत बीडचा अंबाजोगाई तालुका उतरला. गावकऱ्यांनी टिकाव-फावडी घेऊन समतल चर खोदले. पुढे शहरांतले नोकरदारही जलमित्र म्हणून घमेली उचलायला आले. अशा कामासाठी कंपनीने पगारी रजा दिली, तर तोटा कुणाचा? साहेब आणि शिपाई एकाच रांगेत घमेलं पुढे सरकवतात, तेव्हा जुळलेली ओळख कामाच्या जागीही उपयोगी पडते. हा फोटोपुरता देखावा, असा आक्षेप येतो. तो अगदीच खोटा नाही. एका दिवसाच्या खोदकामाने दुष्काळ हटत नाही. म्हणूनच काम गावाने ठरवावं आणि कंपनीने कसब द्यावं: अभियंत्याने उतार मोजावा, हिशेबनिसाने बचतगटाची वही लावून द्यावी. सक्ती मात्र नको. सक्तीचं श्रमदान म्हणजे वेठबिगारी. उद्योजकहो, वर्षातले दोन दिवस गावाला द्या, पण आधी गावाला विचारा.