वहिवाटीचे दफ्तर

हर्णैच्या पुळणीवर सायंकाळचा मासळीचा लिलाव ऐन भरात असता, सुवर्णदुर्ग पाहून परतलेले एक व्यासंगी स्नेही नाकाला रुमाल लावून म्हणाले की, या बंदराचा इतिहास तेवढा समोरच्या पाण्यात उभा आहे, इकडे आहे ती केवळ मासळी. त्यांचे हे वाक्य मला अद्याप बोचते आहे.

कान्होजी आंग्र्यांचे आरमार, त्यांची दस्तके, १७५५ साली पेशव्यांशी सख्य करून इंग्रजांच्या कमोडोर जेम्सने तुळाजी आंग्र्यांपासून घेतलेला हा दुर्ग, हे सारे वाचकांस विदितच आहे. परंतु इतिहास दोन प्रकारचा असतो, एक दफ्तराचा आणि दुसरा वहिवाटीचा, असे मी दीर्घकाळ मानीत आलो आहे. दफ्तरात तह आणि सरदार यांची नोंद होते; कोणत्या वाऱ्याला नांगर उचलावा आणि नारळी पौर्णिमेपूर्वी होडी पाण्यात का लोटू नये, हे मात्र तांडेल आपल्या मुलाला नावेवरच शिकवतो.

येथील बैलगाडीचेच पाहा. धक्क्याच्या अभावी मचवे दूर पाण्यातच थांबत, म्हणून गाडी थेट समुद्रात घालण्याची रीत येथे पडली. जाताना बर्फ न्यावा, येताना मासळी आणावी, आणि तोवर बैलांनी छातीपर्यंतच्या लाटांत निश्चल उभे राहावे. मुंबईची आगबोट या बंदराला लागे त्या काळी उतारूदेखील लहान पडावांतूनच किनारा गाठीत. जनावराला लाटेचे भय सोडायला शिकवणाऱ्या त्या पहिल्या गाडीवानाविषयी मला कोणत्याही किल्लेदाराइतकाच आदर वाटतो.

शिवाय आंग्र्यांची गलबते वल्हवली कोणी? याच किनाऱ्यावरच्या कोळ्या-भंडाऱ्यांनी. वायव्येच्या तुफानात गलबतांना आसरा देणारा हा उपसागर दर्यावर्दींना परिचित होता. दुर्गाला जे पाणी उपयोगी पडले तेच मचव्यांनाही पडले. किनाऱ्यावरच्या फत्तेगडात तर आज कोळ्यांचीच घरे आहेत. तेथे दफ्तर आणि वहिवाट यांची सीमा कोणी आखून दाखवावी?

वहिवाटीला कागदाची गरजच नाही, येथवर मी सहज जाऊ शकलो असतो. पण यांत्रिक नौका आणि पर्ससीन जाळी आली आणि तो मार्ग बंद झाला. १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन अधिनियमापासून कोणी कोठे, कोणत्या जाळ्याने मासे धरावेत हे सरकारी कागद ठरवतो, आणि तंटा उभा राहिला की पिढ्यान्‌पिढ्यांच्या मुखी असलेली साक्ष लेखी पुराव्यापुढे दुबळी पडते. तेव्हा माझ्या स्नेह्यांचा दफ्तराविषयीचा आग्रह मला आता मान्य करावा लागतो, मात्र त्याची दिशा पालटून: मोडी रुमाल सोडवण्यात मुरलेल्या त्यांच्यासारख्या अभ्यासकांनी लिलावाच्या वेळी पुळणीवर बसावे, आणि तांडेलांच्या खुणा, त्यांची वाऱ्यांची नावे, जाळी टाकण्याच्या जागा, मासळी घेणाऱ्या-विकणाऱ्या बायकांचे हिशेब, हे सारे त्यांच्याच शब्दांत, तारीखवार उतरवून घ्यावे.