वडिलांच्या पश्चात् पांचवी आज्ञा

आईबापांचा मान राखावा, ही पांचवी आज्ञा आपल्या मंडळींतील लहान मुलांनाही पाठ असते. वडील जिवंत आहेत तोंवर तिचा अर्थ सरळ आहे: त्यांचें ऐकावें, त्यांस खाऊं घालावें, आजारांत त्यांची शुश्रूषा करावी. परंतु वडील निवर्तून वीस वर्षें झालीं, म्हणजे ही आज्ञा संपली काय? आपले शेजारी पितृपक्षांत पान वाढतात. आपण तो विधि सोडला. म्हणून गांवांत कोणी म्हणतात कीं, ख्रिस्ती लोक बापास पुरतात आणि विसरतात. हा आरोप ऐकून रागावण्यापेक्षां तो आपणांस कितपत लागू पडतो हें पाहणें बरें.

लोणावळ्याहून पुण्याकडे जातांना मळवलीजवळ कार्ल्याचीं लेणीं लागतात. तेथील मोठें चैत्यगृह सुमारें १९०० वर्षांपूर्वींचें आहे. त्यावरील एका ब्राह्मी लेखांत असें सांगितलें आहे कीं, हें द्वार धेनुकाकट येथील सुतार सामि, वेणुवासाचा पुत्र, यानें केलें. वेणुवासाविषयीं त्या लेखांत दुसरें कांहीं नाहीं. तो सामीचा बाप, एवढेंच. परंतु मुलाच्या कामावर मुलाच्या नांवाशेजारीं बापाचें नांव कोरलें गेलें, म्हणून तें आजवर टिकलें. काम ओबडधोबड असतें, तर तेथें बापाचें नांव घालण्यांत त्याचा मान झाला नसता.

त्याच लोणावळ्याखालीं बोरघाटाचा लोहमार्ग आहे. तो १८५६ ते १८६३ या काळांत बांधला गेला. डोंगर फोडून २५ बोगदे काढावे लागले, आणि अपघात, पटकी व ताप यांनीं हजारों मजूर मेले. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ सालीं वारला. त्याचें नांव इतिहासांत राहिलें. परंतु ज्या मजुरांची मुलें घरीं वाट पाहत राहिलीं, त्यांतील बहुतेकांस थडगें नाहीं, कीं नांवाचा दगड नाहीं. तर मग त्या मुलांस बापाचा मान राखतां आलाच नाहीं, असें म्हणावें काय? तसें म्हणणें अन्यायाचें होईल. ज्यानें धाकट्या भावंडांस पोसलें व प्रामाणिकपणें कष्ट केले, त्यानें ती आज्ञा दगडावांचून पाळली.

मान राखणें म्हणजे बापास देव करणें नव्हे. रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१९ सालीं निवर्तले. पुढें त्यांचें चरित्र लिहावें म्हणून पुत्र देवदत्त यांनीं आईकडे आठवणी मागितल्या, आणि त्यांतून लक्ष्मीबाईंचीं ‘स्मृतिचित्रें’ निर्माण झालीं. पहिला भाग १९३४ सालीं निघाला. त्यांत टिळकांचें औदार्य आहे, तसा त्यांचा तापट स्वभावही आहे. त्यामुळें वाचणारास टिळक लहान वाटत नाहींत, जवळचे वाटतात. खोट्या स्तुतीनें आठविलेला बाप आपला बाप राहत नाहीं.

आतां आपल्या घराकडे पाहूं. भाताच्या खाचराचा हातभर बांध, आणि त्यावरून दोन घरांत तीस वर्षें अबोला! विचारलें तर उत्तर येतें, “त्यांच्या घरचें पाणी पिऊं नका, असें आमचे वडील सांगून गेले.” बंधूंनो, वडिलांचें कर्ज फेडावें, त्यांनीं दिलेला शब्द पाळावा, परंतु त्यांचें वैर चालवूं नये. समेट करावा असें त्यांस शेवटीं वाटलें असेल, पण वेळ मिळाला नसेल. आतां त्यांस तें करतां येत नाहीं. मुलगा शेजाऱ्याच्या दारीं गेला, तर बापाचें एक अपुरें काम पुरें होतें.

मृत्यूच्या दिवशींचें रडणें बहुधा आपल्यासाठींच असतें. छत्र गेलें, आतां आमचें कसें होणार, असें आपण म्हणतों. पुढें आपले केस पिकतात, आपल्या दारीं सावकार उभा राहतो, आपला मुलगा उलट उत्तर देतो. तेव्हां आपले वडील काय सोशीत होते तें कळूं लागतें. म्हणून पुष्कळ वर्षांनीं येणाऱ्या आठवणीस अशक्तपणा समजून दाबूं नका. आज रात्रीं जेवतांना मुलांस त्यांच्या आजोबांचें नांव सांगा, त्यांच्याविषयींची एक खरी गोष्ट सांगा, आणि त्यांचें कोणाचें देणें राहिलें असल्यास उद्यां सकाळीं तिकडे जा.